एकशे शहाऐंशी अंगठे

कांचघर, जबलपूर
९ ऑगस्ट २०२४

ती. इंदूआत्या,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही सगळे मजेत आहोत. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू ‘हो हो’ म्हणत भलतंच उत्तर देतेस, म्हणून बाबांसारखा कागद घेऊन बसलो आहे. मराठीत पत्र लिहून दहा वर्षं तरी झाली असतील. चुका दिसतील, पण तुझ्या शाळेतल्या सवयीने तांबड्या शाईच्या खुणा करून परत पाठवू नकोस.

काम असं आहे. आमची बँक खेड्यांतल्या शाखांची एक स्मरणिका काढून राहिली आहे. कुठल्या गावात बँक कधी आली, जागा कोणी दिली, पहिलं खातं कोणाचं, असं सगळं त्यात येणार. रीजनल ऑफिसात हे काम माझ्या टेबलावर आलं. यादीत हिरनपारचं नाव दिसलं आणि म्हटलं, चलो, ह्या गावासाठी तर मला उठायचीही गरज नाही. तिथल्या बँकेचा इतिहास तुझ्याएवढा कोणाला ठाऊक आहे?

तर आत्या, तुला जेवढं आठवतं तेवढं सगळं लिही. फोनवर सांगू नकोस, कागदावरच दे, छापायला लेखी लागतं. स्मरणिका निघाली की पहिली प्रत सगळ्या गावासमोर तुझ्या हातात द्यायची जबाबदारी माझी.

यामिनी नमस्कार सांगते आहे. कानाचं मशीन वापरत जा, पेटीत ठेवायला घेतलेलं नाही.

तुझा,
अनुपम


हिरनपार, तहसील सिहोरा
२२ ऑगस्ट २०२४

चि. अनुपम,

तुला आणि यामिनीला आशीर्वाद. चुका सात आहेत. खुणा केलेल्या नाहीत, फक्त मोजल्या.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दादा गेल्यापासून ह्या घरात मराठी अक्षर आलंच नव्हतं. छत्तीस वर्षं ह्या गावात हिंदीत शिकवलं, हिंदीत भांडले, आता स्वप्नंसुद्धा हिंदीत पडतात. त्यामुळे तू लिहायला सांगितलंस आणि मी कामाला लागले. दोन दिवस स्वयंपाक खिचडीवर भागवला.

ऐक. मी १९७३ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा बँक दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी यायची. यायची म्हणजे सिहोऱ्याहून सहकारी बँकेचे एक कारकून सायकलला लोखंडी पेटी बांधून यायचे आणि शाळेच्या ओसरीत बसायचे. हिरन नदीला पाणी चढलं की बँक पलीकडच्या काठावर उभी राहून आम्हाला हात दाखवायची आणि परत जायची.

१९८२ च्या फेब्रुवारीत पक्की शाखा आली. जागा रामकृष्ण पटेलांनी दिली, त्यांचं लाखेचं गोदाम. दोन वर्षं आमच्या पासबुकांना लाखेचा वास येत होता. बँक उघडली आणि नऊ दिवस एक माणूस आत गेला नाही. खातं काढलं की शेताचे कागद जमा करावे लागतात, असं कोणीतरी उठवून दिलं होतं. मॅनेजर सागर शहराकडचे होते, बिचारे एकच वर्तमानपत्र उलटसुलट वाचत बसायचे. दहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले आणि पहिलं खातं काढलं. माझ्यामागे बायका आल्या, मला काय होतं ते पाहायला. काही झालं नाही म्हटल्यावर विड्या वळणारी सुखरानी पुढे झाली. तिने मला विचारलं, “दीदी, आप बोलो तो लगा दूँ अँगूठा?” मी म्हटलं, लाव. तिने लावला.

अंगठ्याशेजारी ओळख देणाऱ्याची सही लागते, हे तुला बँकेतल्या माणसाला सांगायला नको. मॅनेजरने मलाच विचारलं. तेव्हापासून दर गुरुवारी शाळा सुटली की मी बँकेच्या बाकावर बसते. बायका येतात, अंगठा लावतात, मी शेजारी सही करते. बेचाळीस वर्षं झाली. निवृत्त झाले तरी हे सुटलं नाही. माझ्या सहीशेजारचा एकही अंगठा आजवर खोटा निघाला नाही, एवढं मात्र ठळक अक्षरांत छाप.

१९९१ मध्ये पंचायतीने जागा दिली आणि गावाने विटा वाहून आत्ताची इमारत उभी केली. मीही वाहिल्या. तुझे काका म्हणाले, मास्तरीणबाई डोक्यावर विटा घेऊन निघाल्या, आता शाळेत तुम्हाला कोण घाबरेल? त्यानंतर बँकेचं नाव तीनदा बदललं. बोर्ड नवा लागतो, रंगारी पैसे घेऊन जातो, आत बाक तोच.

बाकी पुढच्या पत्रात. हात दुखतो.

तुझी आत्या


कांचघर, जबलपूर
२ सप्टेंबर २०२४

ती. आत्या,

काय लिहिलं आहेस. साहेबांना मी हिंदी करून वाचून दाखवलं, ते म्हणाले, ठोसर, अशी आत्या आम्हाला का नाही. नदीपलीकडच्या बँकेवर तर सगळं ऑफिस हसलं.

पण हे झालं जुनं. आता नवं पाहिजे. स्मरणिकेत गाव मागासलेलं दिसायला नको, बाकीच्या गावांचं सगळं रडगाणंच येऊन राहिलं आहे. हिरनपार किती पुढे गेलं ते लिही. रोज बँकेत अंदाजे किती माणसं येतात, फोनवरून व्यवहार किती जण करतात, सिहोऱ्याला बस किती आहेत, लोक कोणकोणत्या कामाला तिकडे जातात. थोडक्यात, आता लोकांना बँकेसाठी खोळंबावं लागत नाही हे कळलं पाहिजे.

सोबत सहा कागद पाठवतो आहे. गावातल्या खातेदारांच्या सह्या आणि अंगठे घे, स्मरणिकेत शेवटी छापायचे आहेत, ‘हिरनपारचे लोक’ म्हणून. अंगठ्याशेजारी नेहमीसारखी तुझी सही हवीच. प्रत्येक कागदावर वरची चार बोटं जागा कोरी सोड. तिथे शाखेचा फोटो आणि दोन ओळी मजकूर येणार आहे.

महिनाअखेर मिळालं तर बरं होईल. साहेब घाई करून राहिले आहेत.

अनुपम


हिरनपार
२६ सप्टेंबर २०२४

चि. अनुपम,

मागासलेलं कोणाला म्हणतोस? लिहून घे.

सिहोऱ्याला दिवसाला पाच बस आहेत आणि सडक अशी की बावीस मिनिटांत पोचवते. बियाणं, औषधं, कोर्टकचेरी, शाळेचे कपडे, सगळ्यासाठी लोक तिकडेच जातात. पोरं समोशाचे पैसेसुद्धा फोनवर देतात, टपरीवर चौकटीचं चित्र चिकटवलेलं आहे. शाखेत पूर्वी बसायला जागा नसायची, आता गुरुवार सोडला तर धनेशजी माशा मारत बसतात. धनेशजी म्हणजे आत्ताचे मॅनेजर, कटनीचे आहेत, सभ्य माणूस. तेच म्हणाले की एरवी दिवसाला पंधरा-वीस माणसं आली तर खूप. ज्या गावाने नऊ दिवस बँकेत पाय टाकला नाही, त्या गावाला आज बँकेत जायची गरज पडत नाही, हे वाक्य मी स्वतः जुळवलं आहे. आवडलं तर मथळ्याला घे.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते आणि ती तू गाळू नकोस. विड्या वळून वळून बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत. चौकातल्या दुकानात ते बोट टेकवायचं यंत्र आहे ना, ते ह्यांना ओळखतच नाही. सुखरानी सहा वेळा बोट टेकवते आणि यंत्र सहा वेळा नाही म्हणतं. शाखेत तसं नाही. शाईचा अंगठा, शेजारी माझी सही, धनेशजी चेहरा ओळखतात, पेन्शन हातात. अशा साठ-सत्तर बायका आहेत. त्यांच्यासाठी गुरुवार म्हणजे बँक.

आता सह्या. तीन गुरुवार घातले. एकशे शहाऐंशी अंगठे, एकसष्ट सह्या. एकानेही विचारलं नाही की कशाला. मी बाकावर शाईची डबी घेऊन बसले आणि रांग लागली. फक्त रामकृष्ण पटेलांनी, एक्याऐंशीचे आहेत ते आता, कागद लांब धरून पाहिला. “बहनजी, ऊपर खाली काहे छोड़ दिया?” मी म्हटलं, फोटो छापायचा आहे, माझ्या भाच्याने सांगितलं आहे. “अपने अनुपम ने? अच्छा.” असं म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला आणि सही केली.

ही मंडळी रोज विचारतात, किताब कब आएगी. मी दिवाळी सांगून ठेवली आहे. माझी लाज राख.

वर काय दोन ओळी छापणार आहात ते कळव. हिंदी असेल तर मला आधी दाखव, तुमच्या ऑफिसातली हिंदी मी पाहिलेली आहे.

तुझी आत्या


जबलपूर
२७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,

सा. नमस्कार. मला मराठी लिहायची आदत नाही, तुम्ही हसाल. माहेरी आम्ही हिंदीच बोलायचो. पण दिवाळीचं पार्सल पाठवून राहिले तर दोन शब्द पाहिजेत ना.

साडी सदर बाजारातून घेतली आहे, मोरपंखी. आवडली नाही तर बदलून देतो म्हणाला आहे. आत्या, तुमचे खूप उपकार आहेत. तुम्ही ते कागद वेळेवर पाठवले म्हणून ह्यांचं काम सर्वात पहिलं पूर्ण झालं. बाकीच्यांचं अजून अडकलेलं आहे. साहेब इतके खूश आहेत की ह्यांचं बालाघाटचं ट्रान्सफर थांबलं, प्रमोशनच्या लिस्टमध्ये पण नाव आलं. नाहीतर पोरीची दहावी, माझी शाळेतली नोकरी, घराचं सगळं विस्कटलं असतं.

हे म्हणतात की आत्याला सांग, तिने आपलं खातं सिहोऱ्याला करून घ्यावं, तिकडे सोय चांगली आहे. मी विचारलं काहून, तर विषय बदलला. तुम्ही करून घ्या.

यामिनी


हिरनपार
२० नोव्हेंबर २०२४

चि. अनुपम,

साडी मिळाली. मोरपंखी रंग मला शोभेल असं यामिनीला वाटलं, ह्यातच दिवाळी झाली. तिचं पत्रही गोड होतं. एका स्मरणिकेने बदली थांबते आणि बढती मिळते, हे ऐकून मी सगळ्या गावाला सांगितलं की तुमच्या अंगठ्यांनी माझ्या भाच्याचं भलं केलं. सुखरानीने तुझ्या नावाने मंदिरात नारळ फोडला.

पण पुस्तक कुठे आहे? दिवाळी गेली. मला रस्त्याने चालणं मुश्किल झालं आहे. आणि वर छापायचा मजकूर तू दाखवणार होतास.

माझं खातं सिहोऱ्याला कशाला? चौऱ्याहत्तराव्या वर्षी बसमध्ये चढून सोय पाहायला जाऊ? इथल्या शाखेतलं पहिलं खातं माझं आहे, मी मेल्यावर बंद होईल.

उत्तर लवकर दे.

आत्या


जबलपूर
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

उशिराबद्दल क्षमा कर. ऑफिसात फार काम आहे. स्मरणिका पुढे ढकलली आहे, वरून मंजुरी यायची आहे. तू लोकांना तारीख सांगू नकोस.

थंडी जपून. खात्याचं मात्र ऐक माझं.

अनुपम


हिरनपार
१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

अनुपम,

सोमवारी शाखेच्या दारावर नोटीस लागली. १ एप्रिलपासून हिरनपारची शाखा बंद, सगळी खाती सिहोऱ्याला. मी आज बाकावर गेले तेव्हा बायका अंगठा द्यायच्या ऐवजी माझ्याकडे पाहत उभ्या होत्या. मी म्हटलं, घाबरू नका, माझा भाचा वरच्या ऑफिसात आहे, त्याला ह्याची खबर नसणार, त्याला आजच लिहिते.

धनेशजी मला आत घेऊन गेले. दार लावलं आणि एक फाईल माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, “मैडम, आप खुद देख लीजिए. मुझसे बोला नहीं जाएगा.”

त्यात माझे सहा कागद होते. वरची चार बोटं जागा भरलेली होती. ‘हम ग्राम हिरनपार के समस्त खाताधारक सहमति देते हैं कि हमारी शाखा को सिहोरा शाखा में मिला दिया जाए. हमें कोई आपत्ति नहीं है.’ खाली एकशे शहाऐंशी अंगठे, आणि प्रत्येकाशेजारी माझी सही.

मागे तीन पानांचा अहवाल होता. मी लिहिलेल्या सगळ्या गोष्टी हिंदीत होत्या. पाच बस. बावीस मिनिटं. समोशाचे पैसे. माशा मारण्याचं वाक्यसुद्धा होतं, फक्त सभ्य करून. ‘आज गाँव को बैंक जाने की आवश्यकता नहीं रही’, हेही होतं, मथळ्याला. विड्या वळणाऱ्या बायकांबद्दल एक अक्षर नव्हतं. मी पानं दोनदा उलटली. जिल्ह्याच्या समितीसमोर हे सगळं ठेवून मंजुरी घेतली आहे, असं धनेशजी म्हणाले.

बाहेर आले तर रामकृष्णजी उभे होते. मी त्यांना म्हटलं, माझ्या भाच्याला कोणीतरी फसवलं आहे. त्याच्याकडून कागद घेतले आणि वर हवं ते लिहिलं. ते म्हणाले, “हओ बहनजी, ऐसा ही हुआ होगा.” आणि निघून गेले.

तुझ्या साहेबाने केलं ना हे? तू नुसते कागद दिलेस आणि तुला ठाऊक नव्हतं, एवढं लिहून पाठव. मी तेच कागद घेऊन जबलपूरला येते, आपण दोघं समितीपुढे उभे राहू. अजून दीड महिना हातात आहे.

आत्या


जबलपूर
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

दोन पत्रं लिहून फाडली. तुझ्याशी खोटं बोलवत नाही म्हणून हे तिसरं.

वरचा मजकूर मी लिहिला. स्मरणिका नव्हतीच.

आता शांतपणे ऐक. ह्या भागातल्या अकरा शाखा बंद करायच्या असं वरून ठरलं होतं. सहा सरळ झाल्या. बाकी पाचांसाठी चौदा गावांची यादी होती आणि निवडायचं आम्हाला होतं. समितीला गावाची संमती हवी होती. जो अधिकारी संमती आणणार नाही त्याची बदली बालाघाटला. माझ्या वाट्याला तीन गावं होती, त्यांतलं एक द्यायचं होतं. बाकी दोन गावांत मी गेलो होतो आत्या. एका ठिकाणी लोकांनी गाडीची हवा काढली, दुसऱ्या ठिकाणी चहासुद्धा विचारला नाही, संमती तर दूरच. हिरनपारमध्ये तू होतीस. तुझ्या शब्दावर लोक अंगठा देतात हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. म्हणून हिरनपार दिलं.

हे वाचून तुला वाईट वाटेल. पण विचार कर, ही शाखा दोन वर्षांनी बंद झालीच असती. तू स्वतः लिहिलंस की तिथे माणसं येत नाहीत. मी त्यात एक शब्द घातलेला नाही. विड्यांचं गाळलं ते खरं आहे, पण ते ठेवलं असतं तर समितीने प्रश्न विचारले असते. त्या बायकांसाठी सिहोऱ्याच्या मॅनेजरला मी फोन केला आहे, तो आठवड्यातून एकदा कोणालातरी पाठवील. बहुतेक.

पोरीची दहावी आहे. यामिनीला ह्यातलं काही ठाऊक नाही, तिला सांगू नकोस. आणि माझी पत्रं जपून ठेवू नकोस, फाडून टाक. ती कोणाच्या हातात पडली तर माझी नोकरी राहणार नाही. बाबा असते तर त्यांनी मला समजून घेतलं असतं. तूही घेशील.

गावात सांग की वरून हुकूम आला होता. लोक तुझं ऐकतील.

तुझाच,
अनुपम


हिरनपार
२० मार्च २०२५, गुरुवार

श्री. अनुपम ठोसर यांस,

तुमचं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण आधी गावाला उत्तर द्यायचं होतं.

‘तुम्ही’ लिहिते आहे म्हणून टोमणा समजू नका. अरेतुरे करायला जवळचं माणूस लागतं.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना शाखेसमोर बोलावलं. हुकूम वरून आला, असं सांगितलं नाही. सांगितलं की कागद माझ्या भाच्याने खोटं बोलून घेतले, मी वरचा मजकूर आधी वाचायला न मागता तुमचे अंगठे घेतले, आणि गाव पुढे गेल्याच्या मी मिरवलेल्या गोष्टी तुमच्याविरुद्ध लावल्या गेल्या. कोणी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. सगळे ऐकत राहिले. रामकृष्णजींनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला. मग सुखरानी बोलली. रागाने नाही, मला समजावावं तशी बोलली. “दीदी, हमने कागज थोड़ी देखा था. हमने तो आपको देखा था.”

मला हे माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. फरक एवढाच की मी त्यावर बेचाळीस वर्षं जगले आणि तुम्ही ते एकदा वापरलं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की आता पाठ झालं आहे. हिरनपारमध्ये तू होतीस, म्हणून हिरनपार दिलं. मी ह्या गावात नसते, किंवा असून लोकांना नकोशी असते, तर शाखा वाचली असती. ज्या गावांनी तुमच्या गाडीची हवा काढली ती शहाणी ठरली. आमच्या गावाने तुमच्या नावाने नारळ फोडला.

मला राग आला आहे. फसवलं गेल्याचा राग आहे, पण तो गिळता आला असता, मी म्हातारी आहे, म्हाताऱ्या माणसांना सगळेच थोडंफार फसवतात. माझ्या हाताने इतरांना फसवलंत, तो राग मला गिळता येत नाही. तुम्ही कोणी परके असता तर मी कागद उजेडात धरून पाहिला असता. तुम्ही दादाचे आहात म्हणून पाहिला नाही.

संमती परत घेण्याचा अर्ज मी लिहिला. मजकूर वर पूर्ण लिहून, मोठ्या अक्षरांत, मगच खाली जागा सोडली. गेले तीन गुरुवार तो अर्ज आणि शाईची डबी घेऊन मी बाकावर बसले. बायका येतात, माझ्या शेजारी बसतात, तब्येत विचारतात. अर्ज पुढे केला की म्हणतात, दीदी, बेटे से पूछ के आते हैं. सुखरानीचा मुलगा पुण्यात कामाला आहे, त्याला फोन लागत नाही, तरी ती म्हणाली, बेटे से पूछ के. आजचा शेवटचा गुरुवार होता. पुढच्या गुरुवारी समितीची बैठक आहे, त्याआधी अर्ज पोचला पाहिजे. धनेशजींनी दोनदा चहा पाठवला. पाच वाजता मी अर्ज उचलला.

त्यावर एकच सही आहे, माझी. खाली कागद कोरा आहे. एका बाईच्या सहीने शाखा राहील असं मला वाटत नाही. म्हणून अर्जासोबत तुमची चारही पत्रं जोडली आहेत, नऊ ऑगस्टपासून एकवीस फेब्रुवारीपर्यंत. यामिनीचं पत्र जोडलेलं नाही, तिने काही केलेलं नाही. एक पाकीट जिल्ह्याच्या समितीला आहे. तुमच्या बँकेच्या मोठ्या ऑफिसला मी वेगळं लिहिलं आहे की पत्रं समितीकडे पाहायला मिळतील.

तुमची नोकरी जाईल, हे मला समजतं. पोरीची दहावी आहे, हेही समजतं. रात्री तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. दादाने तुम्हाला समजून घेतलं असतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी त्याला ओळखते असं मला वाटत होतं, पण मला तर तुम्हीही ओळखीचे वाटत होतात.

हे पत्र उद्या सकाळच्या बसने सिहोऱ्याला जाणारे शाळेतले मास्तर तिथून स्पीड पोस्टाने टाकतील, म्हणजे शनिवारी तुमच्या हातात पडेल. ती पाकिटं मी सोमवारी स्वतः जाऊन रजिस्टर करणार आहे. मध्ये दोन दिवस मुद्दाम ठेवले आहेत. ते तुम्ही मला अडवावं म्हणून नाहीत. तुमच्या माघारी तुमचं काही करायला माझा हात धजत नाही, एवढंच.

पत्रांच्या प्रती काढून ठेवा, असं धनेशजी म्हणाले. मी काढल्या नाहीत. मला ती पुन्हा वाचायची नाहीत.

इंदिरा पिंपळापुरे
निवृत्त शिक्षिका, हिरनपार